करंगळी वर, करंगळी खाली

माझ्या वर्गात कुणाची करंगळी वर होत नाही, याचा मला फार गर्व होता. माणसाला गर्व करायला काही ना काही लागतंच. कुणाला शेतीचा असतो, कुणाला जातीचा, कुणाला जावयाचा. माझ्याकडे यांपैकी काहीच धड नव्हतं, म्हणून मी चोवीस पोरांच्या लघवीवरच्या ताब्याचा धरला.

हा किस्सा मी घरात इतक्यांदा सांगितला आहे की आता ठरलेल्या जागी बायको माझ्या आधीच हसते. पण तोंडी सांगताना काही जागांवरून मी भराभर पुढे निघून जातो. लिहिताना तिथे थांबावं लागलं. थांबलो.

साल एकाहत्तर-बाहात्तर असावं. बालाघाटातली आमची शाळा हिंदी. तिच्या मागच्या अंगाला, घाणेरीच्या झुडपांना लागून, एक खोली मराठी विभाग म्हणून दिलेली होती. एक खोली, तीन वर्ग, एक मास्तर. तो मास्तर मी. पहिलीची पोरं भिंतीला, दुसरीची मधे, तिसरीची दाराजवळ. हिंदी विभागाचे मास्तर येता-जाता आत डोकावत आणि म्हणत, "क्यों मराठी गुरुजी, आज कितने बचे?" दरवर्षी पोरं कमी होत होती, कारण खुद्द मराठी आईबापच आपली पोरं हिंदीत घालत होते. तेव्हा मी ठरवलं, संख्येत नाही तर शिस्तीत यांना हरवायचं. हिंदीची पोरं दिवसभर शेळ्यांसारखी अंगणात हिंडत असत. माझी पोरं प्रार्थनेपासून मधल्या सुट्टीपर्यंत जागची हलत नसत.

एकीला जायचं तर करंगळी वर करायची, दुकीला दोन बोटं, ही रीत सगळीकडचीच. माझी रीत त्यापुढची होती. कुणी करंगळी वर केली की मी त्याच्याकडे सावकाश बघायचो आणि गोड आवाजात म्हणायचो, "जा की! जा, जा. घरीच जा. आईच्या कडेवर बस आणि तिकडंच कर." वर्ग खदाखदा हसायचा. करंगळी खाली जायची. महिनाभरात करंगळ्या वर होणं बंद झालं. 'जा' हा शब्द मी असा काही उच्चारत असे की पोरांच्या कानात त्याचा अर्थ 'बस' असाच पडे. मोठी विद्या होती ती. कुठल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत नाहीत.

इन्स्पेक्टर साहेब आले तेव्हा दारात उभे राहून म्हणाले, "वाह गुरुजी! आपके बच्चे तो हिलते भी नहीं." हे वाक्य मी चार दिवस घरी सांगत होतो. बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, न हालनारं पोरगं पाह्यलं का मी आधी कपाळाले हात लावून पाहतो."

तिच्या या असल्या वाक्यांकडे मी तेव्हा लक्ष देत नसे. ती कटंगीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, चौथी पास. मी मॅट्रिक, वर पी.टी.सी.

आमची थोरली मुलगी सहा वर्षांची झाल्यावर माझ्याच खोलीत, भिंतीच्या रांगेत येऊन बसली. मास्तरानं आपल्या पोरीला सवलत दिली असं कुणी म्हणू नये म्हणून मी नियम केला: घरी बाबा, शाळेत गुरुजी. तिनं तो पहिल्याच दिवशी उचलला. पहिल्या आठवड्यात तिनं एकदा करंगळी वर केली. मी तिलाही तेच ऐकवलं, उलट दोन वाक्यं जास्तच, म्हणजे इतरांना दिसावं. वर्ग हसला. त्यानंतर तिनं कधी बोट वर केलं नाही. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "पोरगी माझ्यावर गेली."

त्याच पावसाळ्यात तिला ताप येऊ लागला.

आमच्या जिल्ह्यात ताप म्हणजे मलेरिया. मलाजखंडकडच्या जंगलातून आला तरी मलेरिया आणि वारासिवनीच्या बाजारातून आला तरी मलेरिया. हुडहुडी भरून ताप आला की गल्लीतला कुणीही माणूस, अगदी सायकलचं पंक्चर काढणारासुद्धा, गोळीचं नाव सांगायचा. आम्ही कडू गोळ्या दिल्या. ताप गेला. दोन महिन्यांनी आला. गोळ्या दिल्या, गेला. पुन्हा आला. एका जागी चार वेळा चुकणाऱ्या पोराला मी वर्गात बाकावर उभं करत असे. मला कुणी केलं नाही.

बायकोनंच एकदा सांगितलं, "अवो, पोट्टी लघवीले बसली का रडते. आग होते म्हणते. अन् चड्डीले वास येऊन राह्यला."

मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो, "उष्णता आहे. धन्याचं पाणी दे."

माझी मोठी बहीण आमच्याकडेच असे. नवरा गेल्यापासून तिनं आमच्या घराचा ताबा घेतला होता. पोरांची आत्या म्हणजे घराचं हायकोर्ट. ती म्हणाली, "पोरीच्या जातीनं असं बोलू नाई. लगन व्हाचं हाय तिचं." सहा वर्षांच्या पोरीचं. मी मॅट्रिक, वर पी.टी.सी., मान हलवून म्हणालो, "हौ, ते बी खरंच."

शेवटी बायको माझ्या परवानगीशिवाय, पोट पुढे घेऊन, कारण ती तेव्हा पुन्हा गरोदर होती, पोरीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथे एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या, हिंदी बोलणाऱ्या, वयानं लहान. म्हणून गावात त्यांना कुणी मोजत नव्हतं. त्यांनी गोळीचं नाव काढलं नाही. सकाळची लघवी तपासायला आणा म्हणाल्या.

ते काम आत्याकडे आलं. डोक्याच्या तेलाची रिकामी बाटली तिनं राखेनं घासली, पोरीला मोरीत बसवलं. लघवी मिळाली अर्ध्याहून कमी बाटली, कारण पोरगी तरबेज झाली होती, थेंब थेंब राखून ठेवायची. आता सरकारी माणसापुढे अर्धी बाटली कशी न्यायची? घरची लाज. आत्यानं वरून विहिरीचं स्वच्छ पाणी घातलं, गळ्यापर्यंत, आणि बूच लावून माझ्या हातात दिली. मी ती छातीशी धरून भर बाजारातून नेली.

डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरली. "गुरुजी, यह पेशाब है या शरबत?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली बाटली दिली. त्यात पू निघाला.

मग त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. लघवी वर मूत्रपिंडात तयार होते, दोन नळ्यांनी खाली पिशवीत उतरते आणि तिथून बाहेर पडते. काही मुलांत ती करतेवेळी थोडी बाहेर जाते आणि थोडी उलटी वर चढते. सोबत घाणही वर जाते. ताप त्याचा आहे. प्रत्येक तापागणिक मूत्रपिंडाला एक व्रण पडतो. असंच चालू राहिलं तर ते वाळून जाईल, आणि मग करण्यासारखं काही उरत नाही. "अभी समय है," त्या म्हणाल्या. "नागपूर जाकर फोटो निकलवाइए."

घरी येऊन मी सांगितलं आणि वर माझं मत जोडलं, "पाणी कधी उलटं वर चढतं काय? सायन्स नावाची काही चीज असते."

बायको म्हणाली, "आमच्या मोटरीचा वाल गेलता तवा पाइपातलं पाणी मागंच पयालं होतं ना. वाल खराब असन पोरीचा."

तिला चौथीच्या शिक्षणावर जे एका वाक्यात कळलं ते मला नागपुरात दोनदा जाऊन कळलं.

बायकोला नेता येत नव्हतं. दिवस गेलेल्या बाईनं फोटोच्या खोलीत जायचं नसतं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून मी, पोरगी आणि आत्या असे तिघं छोट्या रेल्वेनं गोंदियाला आणि तिथून मोठ्या गाडीनं नागपूरला निघालो. पहिला फोटो शिरेतून औषध टोचून काढायचा होता. ते औषध मूत्रपिंडातून खाली उतरतं आणि एक्स-रेत पांढरं दिसतं. त्यासाठी पोट साफ पाहिजे. एरंडेल द्या, हलकं खायला घाला, सकाळी काही देऊ नका, असं चिठ्ठीवर लिहिलं होतं. चिठ्ठी माझ्या खिशात होती. गोंदियाच्या फलाटावर पोरगी भुकेजली. आत्या म्हणाली, "लेकराचं तोंड पाहा कसं सुकलं. खिशातल्या कागदाले काय मालूम भूक?" मी फुटाणे घेतले. फुटाणे हलकेच असतात, हातात घेऊन बघा.

फोटोवाल्यानं ओली फिल्म उजेडात धरून दाखवली. मूत्रपिंडाच्या जागी ढगच ढग. "पोटात गॅस आहे. काय खाऊ घातलं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"फुटाने," पोरगी म्हणाली.

दोन दिवसांनी पुन्हा काढला, तो चांगला आला. मूत्रपिंडं दोन होती, दोन्ही काम करत होती. आत्यानं तिथल्या तिथे हात जोडले. तिथले डॉक्टर म्हणाले, "आता सोमवारी दुसरा काढू. ह्यात लघवी खाली येताना दिसते. ती वर जाते की नाही ते ह्यात कळत नाही. पिशवी भरून मुलीला लघवी करायला लावायची आणि करत असतानाच फोटो घ्यायचा."

मी विचारलं, "करत असताना?"

"करत असताना."

आत्या पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाप्पा! असाही फोटो असते?"

मला ते ऐकून हसू आलं होतं, हे मी तोंडी कधी सांगत नाही. एक चांगला फोटो निघाला आहे, डॉक्टर स्वतः सांगतात दोन्ही चालतात, मग हे सोमवारचं सोंग कशाला? आणि खरं कारण वेगळंच होतं. सोमवारी इन्स्पेक्टर साहेब पुन्हा यायचे होते, या वेळी सोबत मोठे साहेब घेऊन, न हलणारी पोरं दाखवायला. मी डॉक्टरांना म्हणालो, "पुढच्या खेपेला बघू." लेकीला घेऊन परत आलो. सोमवारी पोरं हलली नाहीत. भिंतीच्या रांगेत माझी पोरगीही हलली नाही. मोठे साहेब मान डोलावून गेले.

पंधरा दिवसांत तिला असा ताप भरला की ती बडबडू लागली. बडबडीत पाढे म्हणत होती.

डॉक्टरीणबाई मला रागावल्या. हिंदीत रागावणाऱ्या बाईपुढे मराठी शिस्त काही कामाची नसते. "आधा काम करवाके चले आए? किसके लिए?" मी शाळेचं कारण सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी करंगळी वर करणाऱ्या पोराकडे बघत असे. फरक एवढाच की त्या हसल्या नाहीत. बायकोनं त्या दिवशी पोरीचं एक पातळ पांघरूण आणि दोन फ्रॉक पिशवीत भरले, पिशवी दारात ठेवली आणि म्हणाली, "फोटो काढल्याबिगर येऊ नोका."

ताप उतरल्यावर लघवी साफ होईपर्यंत थांबावं लागलं. मग आम्ही तेच तिघं पुन्हा नागपुरात. फुटाणे नाहीत.

फोटोची खोली लांबच लांब, खिडक्यांना काळे पडदे. बाहेर बाकावर मी. आत्या आत, कारण बाईमाणूस सोबत पाहिजे. दार लागण्याआधी मी बघितलं, डॉक्टर तांबड्या काचांचा चष्मा लावून एका स्टुलावर नुसते बसले होते. मी फोटोवाल्याला विचारलं, यांचे डोळे आलेत काय. तो नागपूरचाच, हसतमुख माणूस. म्हणाला, "नाई गुरुजी. अंधारात पडद्यावर बारीक दिसाले पाहिजे, म्हनून डोये आधीच अंधारात मुरवून ठेवा लागतेत." मला ते पटलं नाही. मला त्या काळात कुणाचंच काही पटत नसे.

पुढचं मला आत्याकडून आणि फोटोवाल्याकडून कळलं. पोरीला टेबलावर निजवलं, रबराची बारीक नळी घातली, टांगलेल्या बाटलीतून औषध थेंब थेंब पिशवीत सोडलं. ती रडली नाही. पिशवी भरली, नळी काढली. डॉक्टर म्हणाले, "शाब्बास. आता कर बेटा लघवी. इथंच, टेबलावरच. कुणी रागावणार नाही."

नाही केली.

नळ सोडला. पायांवर कोमट पाणी ओतलं. आत्यानं तान्ह्या पोराला करवतात तसा "शूऽऽ, शूऽऽ" असा सूर धरला आणि तो इतका वेळ धरला की खुद्द आत्यालाच जावं लागलं. ती धावत बाहेर आली, माझ्याकडे न बघता मोरीकडे गेली आणि परत आली. टेबलावर पोरगी तशीच. पोट टम्म, ओठ दाबलेले, कपाळावर घाम. डॉक्टर म्हणाले, अशी रोखून धरली तर फोटोचा काही उपयोग नाही, नळी पुन्हा घालावी लागेल, नाहीतर आज सोडून द्यावं लागेल.

मी बाहेर बाकावर बसून शेजारच्या एका बापाला सांगत होतो की आमची मुलगी फार शिस्तीची आहे.

दार उघडून फोटोवाला बाहेर आला. "गुरुजी तुमीच काय? चाला आत."

"काहून? मी कशाला? आत्या आहे ना."

"अवो, पोरगी मघापासून करंगयी वर करून राह्यली. तुमची बहीन हात खाली दाबते, म्हन्ते फोटो हालन. ती पुन्हा वर करते. मले आत्ता समजलं. परवानगी मागून राह्यली ते. 'गुरुजी' म्हन्ते."

त्यानं माझ्या गळ्यात शिशाचा एप्रन अडकवला. इतका जड की मी पुढे वाकलो. आत कोपऱ्यात एक लाल दिवा होता, बाकी अंधार. त्या लाल उजेडात माझी सात वर्षांची लेक लोखंडी टेबलावर उताणी पडलेली, आणि तिची उजवी करंगळी सरळ वर.

मला बघून ती म्हणाली, "गुरुजी, एकी."

बाबा नाही म्हणाली. गुरुजी.

डॉक्टर म्हणाले, "लवकर सांगा तिला. पिशवी भरलेली आहे."

मी म्हणालो, "जा."

करंगळी खाली गेली. ओठ आणखी घट्ट.

मी पुन्हा म्हणालो, "जा, जा ना!" जरा प्रेमानं. तिचे डोळे भरून आले, पण थेंब सुटला नाही, ना वरून ना खालून. तिला वाटलं मी चिडवतोय. आता इथले सगळे हसतील. तिला दुसरं काही वाटायला मी ठेवलंच काय होतं? 'जा' म्हणजे 'बस', हे मीच तर तिला घोटून घोटून शिकवलं होतं. चार तास जागचं न हलण्याची विद्या. साहेब येऊन वाहवा करून गेलेली विद्या.

आत्या मागून कुजबुजली, "रागव तिले! मास्तर हायेस ना तू?"

मास्तर होतो. त्या खोलीत सगळ्यात निरुपयोगी माणूस तोच होता. नळ चालला असता, कोमट पाणी चाललं असतं, आत्याचा सूरही चालला असता. नेमका मास्तर तेवढा आधीच पोरीच्या आत जाऊन बसला होता.

आता काय करावं हे मला सुचलं असं मी तोंडी सांगताना म्हणतो. खोटं आहे. मला काही सुचलं नाही. मला खरोखरच लागली होती. सकाळपासून बाकावर बसून होतो, दोन चहा पोटात, अंगावर शिशाचा बोजा, आणि मघापासून नळाची धार कानावर. मी टेबलाजवळ उभा राहिलो आणि माझी स्वतःची करंगळी वर झाली.

"बाई," मी म्हणालो, "मले बी लागली. जाऊ काय?"

तिनं माझ्या बोटाकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. मी चिडवतोय का, ते तिनं नीट तपासलं. डॉक्टरांनी हळूच दिव्याकडे खूण केली, फोटोवाल्यानं लाल दिवा मालवला. पूर्ण अंधार झाला. त्या अंधारात माझी करंगळी वरच होती. कुणाला दिसत नव्हती, पण खाली घ्यायची हिंमत मला झाली नाही.

"जाऊ काय, बाई?"

अंधारातून आवाज आला, "हौ. जा. पन लवकर ये." आणि मग हसण्याचा, नाकातून, दाबलेला. आणि मग टेबलाच्या पत्र्यावर धार.

"करू द्या, करू द्या, थांबवू नको बेटा," डॉक्टर म्हणाले. यंत्र खडखडलं. एकदा, दोनदा, तीनदा. हिरवट पडद्यावर मला नुसता धूर दिसला. त्यांना जे दिसायचं ते दिसलं.

दिवा लागल्यावर आत्यानं पोरीला पुसलं आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. तोंडानं मात्र म्हणाली, "सारी साडी भिजवली मायी."

संध्याकाळी डॉक्टरांनी वाळलेली फिल्म दाखवली. खाली पिशवी, पांढरी, एखाद्या पेरूसारखी. उजवीकडे काही नाही. डाव्या बाजूनं एक पांढरी रेघ वर चढत गेलेली, थेट मूत्रपिंडापर्यंत, आणि तिथे तिला डहाळ्या फुटलेल्या. सायन्स नावाची चीज.

मी विचारलं, "हे माझ्यामुळं झालं काय?"

मी हा प्रश्न विचारला याचं श्रेय घ्यायचा मोह होतो. पण खरं म्हणजे मला 'नाही' ऐकायचं होतं.

ते म्हणाले, "जन्मतःच असतं हे. झडप कच्ची असते. वयाबरोबर सुधारतं पुष्कळांचं." मी श्वास सोडला. "पण," ते म्हणाले, "रोखून धरलं की दाब वाढतो. दाब वाढला की आणखी वर जातं. कुणी सांगितलं हिला इतकं रोखायला?"

आत्या पटकन म्हणाली, "शाळेतला मास्तर हाय एक. लय बेकार मानूस."

डॉक्टरांनी सांगितलं, आत्ता ऑपरेशन नको. रोज एक गोळी, बरेच महिने, चुकवायची नाही. दर दोन-अडीच तासांनी लघवी, लागली असो नसो. एकदा करून झाल्यावर थोडं थांबून पुन्हा, म्हणजे वर गेलेली खाली उतरते तीही निघून जाते. वर्षभरानं पुन्हा हाच फोटो. तोवर रेघ कमी झाली तर ठीक, नाहीतर कापावं लागेल.

म्हणजे वर्षभर माझ्या वर्गातून एका मुलीला प्रार्थनेनंतर दोन तासांनी उठून घाणेरीच्या झुडपांमागे जायचं होतं. एकटीला उठवावं तर सवलत झाली असती. म्हणून मी पाटीवर वेळ लिहून ठेवली आणि सगळ्यांनाच सोडू लागलो. पहिल्या आठवड्यात पहिलीच्या पोरांचा विश्वास बसेना. ती दारापर्यंत जायची आणि माझ्याकडे वळून बघायची, मी हसतोय का ते बघायला. दुसऱ्या आठवड्यात विश्वास इतका बसला की तिसरीची अर्धी पोरं गोट्या खेळून घंटेलाच परत आली. हिंदीचे मास्तर दारात येऊन म्हणाले, "क्यों मराठी गुरुजी, बाँध फूट गया क्या?" इन्स्पेक्टर साहेब त्या वर्षी आले तेव्हा वर्गात नऊ पोरं होती आणि झुडपांत पंधरा. त्यांनी वहीत काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही. पुढच्या वर्षी ते मोठ्या साहेबांना घेऊन हिंदी विभागाकडूनच परत गेले.

गोळी देण्याचं काम बायकोनं माझ्याकडे दिलं नाही. त्यात तिनं कधी चूक केली नाही.

वर्षभरात दोनदा ताप आला. एकदा तो खरोखरच मलेरिया निघाला, आणि आम्ही घरात जवळजवळ आनंदोत्सव केला.

दुसऱ्या फोटोच्या वेळी कडेवर धाकटा घेऊन बायको सोबत आली. आत्याला घरी ठेवलं होतं, ती महिनाभर बोलली नाही. तीच खोली, तोच फोटोवाला. त्यानं मला ओळखलं आणि आपणहून शिशाचा एप्रन खुंटीवरून काढला. "चाला गुरुजी. तुमाले आतच यावं लागन."

मी उठलो. खरं सांगायचं तर मी घरून तयारीत आलो होतो. काय बोलायचं, बोट केव्हा वर करायचं, सगळं.

आतून पोरीचा आवाज आला. आता आठ वर्षांची. "त्याइले बाहीरच बसू द्या. मी मायी मायी करतो."

फोटोवाल्यानं एप्रन पुन्हा खुंटीला लावला. धाकट्याला माझ्या मांडीवर देऊन बायको आत गेली, दार लागलं. मी बाकावर बसलो आणि कान देऊन ऐकत राहिलो. नळ सोडल्याचा आवाज नाही, कुणी शूऽ केलं नाही. थोड्याच वेळात यंत्र खडखडलं, एकदा, दोनदा. बायको बाहेर आली आणि धाकट्याला माझ्याकडून घेत म्हणाली, "झालं. रेघ अर्ध्यावरच थांबली म्हन्ते. कापाची गरज नाई." मग माझ्याकडे बघून, "अन् तुमी काहून बोट वर करून बसले?"